गावाच्या चित्रकारांचे सामायिक ऑनलाइन दालन : छायाचित्र, नोंद आणि परवानगी

विचारणा थोडक्यात अशी आहे. कुडाळ-सावंतवाडी परिसरातील पंचवीस-तीस चित्रकारांनी मिळून एक ऑनलाइन दालन सुरू केले आहे. त्यांत निवृत्त कलाशिक्षक आहेत, जलरंगात निसर्गचित्रे करणारे आहेत, गणपतीच्या शाळेत मूर्ती घडवणारे आहेत आणि चित्रे दाखवत कथा गाण्याच्या पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेतील एक-दोन कुटुंबेही आहेत. सभासद व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात आणि गटातील एक तरुण ते दालनात चढवतो. आता पडद्यावरचे रंग मूळ चित्राशी जुळत नाहीत अशी सर्वांची तक्रार आहे, एका हॉटेलने दालनातील चित्र न विचारता मोठे छापून भिंतीवर लावले आहे, आणि कोणाचे काम वर व कोणाचे खाली यावरून गटात धुसफूस सुरू झाली आहे. शिवाय एका दिवंगत ज्येष्ठ सभासदाची चित्रे दालनात घ्यावीत का, हाही प्रश्न आहे.

चित्रांची छायाचित्रे काढणे आणि चित्रकारांच्या कामाच्या नोंदी तयार करणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे माझे उत्तर त्या बाजूने येईल. या साऱ्या अडचणी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्यांचे मूळ एका क्रमात आहे. फोटो आधी चढवला गेला आणि नोंद व परवानगी मागाहून पाहू असे ठरले. हा क्रम उलटा केला पाहिजे. चित्राचे नीट काढलेले छायाचित्र, त्याची पूर्ण नोंद आणि चित्रकाराची लेखी परवानगी या तिन्ही गोष्टी हाती आल्याशिवाय एकही चित्र दालनात जाऊ नये. यामुळे दालन हळू भरेल, पण त्याने काहीही बिघडत नाही. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान १९३१ मध्ये गेले. त्यांनी आयुष्यभर केलेल्या कामाच्या मानाने आज पाहायला मिळणारी त्यांची चित्रे फारच थोडी आहेत. त्यांच्यासारख्यांची ही गत, तर तालुक्याच्या गावी चाळीस वर्षे चित्रे काढणाऱ्या कलाशिक्षकाच्या कामाचे काय होते हे आपण सगळेच जाणतो. प्रदर्शनाची हौस मुंबई-पुण्याच्या कलादालनांत भागवता येईल, पण गावाच्या चित्रकारांची एकत्रित आणि विश्वासार्ह नोंद दुसरे कोणीही करणार नाही.

आता रंगांविषयी. पहिली दुरुस्ती अगदी सोपी आहे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा लहान होऊन आणि दाबली जाऊन पोहोचते, त्यामुळे जलरंगातील हलक्या छटा आणि कागदाचा पोत तिथेच संपतो. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर मूळ स्वरूपात येते. मात्र रंगांची खरी गडबड त्याआधी, फोटो काढतानाच झालेली असते, आणि कोकणात तिचे एक खास कारण आहे ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आपण चित्र खळ्यात, म्हणजे घरासमोरच्या अंगणात नेतो, कारण तिथे भरपूर उजेड असतो. खळे शेणाने सारवलेले किंवा तांबड्या मातीचे असते, समोर जांभ्याची भिंत असते, बाजूला माडा-पोफळींची बाग असते. त्या सगळ्यांवरून उसळलेला उजेड चित्रावर पडतो आणि पांढरा कागद खालून तांबूस व एका बाजूने हिरवट होतो. डोळा हे आपोआप सावरून घेतो, कॅमेरा घेत नाही. पुढे फोटो सुधारणाऱ्या ॲपमध्ये एकच सरकपट्टी हलवून हे दुरुस्त होत नाही, कारण चित्राच्या दोन कडांना दोन वेगळ्या रंगांची झाक आलेली असते.

म्हणून चित्र पडवीत, थेट ऊन न येणाऱ्या जागी, उभे ठेवावे. समोरच्या जमिनीवर राखाडी किंवा पांढरी चादर अंथरावी आणि फोटो काढणाऱ्याने भडक शर्ट घालू नये. तैलचित्राच्या वार्निशमध्ये तांबडा शर्ट चक्क दिसतो. ढगाळ दिवसाचा उजेड या कामाला सर्वांत चांगला असतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर हा काळ छायाचित्रांसाठी सोयीचा आहे. घरातील ट्यूबलाइट आणि दारातून येणारा दिवसाचा उजेड एकत्र होऊ देऊ नये. काम वारंवार होणार असेल तर सारख्या क्षमतेचे, सारख्या रंगाच्या प्रकाशाचे आणि चांगल्या रंगदर्शकतेचे, म्हणजे सीआरआय ९५ किंवा त्याहून अधिक असलेले, दोन दिवे घ्यावेत आणि ते चित्राच्या दोन्ही बाजूंनी ४५ अंशांच्या कोनात, चित्रापासून सारख्या अंतरावर लावावेत. प्रत्येक बैठकीच्या पहिल्या फोटोत चित्राच्या शेजारी राखाडी कार्ड ठेवावे. रंग ज्यावरून जुळवायचा तो एक पक्का आधार त्यामुळे मिळतो आणि त्याच उजेडातील बाकीचे फोटो त्यावरून दुरुस्त करता येतात.

कॅमेरा कोणता, हा प्रश्न मला सतत विचारला जातो आणि त्याला मी कमी महत्त्व देतो. अलीकडचा चांगला फोन पुरतो, फक्त तो हातात धरू नये. फोनचे मुख्य भिंग रुंद कोनाचे असते, त्यामुळे जवळून काढलेल्या चित्राच्या सरळ कडा बाहेर फुगतात. थोडे मागे जाऊन दुप्पट झूमवर फोटो काढावा, फोन तिपाईवर लावावा, पडद्यावरील जाळीच्या रेषा चित्राच्या चारही कडांना समांतर आहेत याची खात्री करावी आणि दोन सेकंदांचा टायमर वापरावा. काचेच्या चौकटीतील चित्र चौकटीतून काढूनच टिपावे. ते अशक्य असेल तर ध्रुवीकरण फिल्टर, म्हणजे भिंगावर लावायची चकाकी कमी करणारी काच, काही अंशी मदत करतो. सावंतवाडीच्या लाखकामावर आणि गंजिफा या हाताने रंगवलेल्या पत्त्यांच्या चकचकीत पानांवरही त्याचाच उपयोग होतो. सुरीने जाड रंग लावलेल्या चित्राचा एक जादा फोटो बाजूने सपाट येणाऱ्या उजेडात काढावा, म्हणजे पृष्ठभाग कळतो. मुख्य फोटो मात्र सरळ आणि समान उजेडातलाच असावा. मूर्तीचे किमान तीन बाजूंनी फोटो हवेत, मागे साधा राखाडी पडदा हवा, आणि मूर्तीची उंची शब्दांत लिहावी. शेजारी माणूस उभा करून ती दाखवण्याची आपल्याकडची पद्धत बंद करावी, कारण त्या फोटोंत लोक माणसाकडेच पाहतात.

इतके करूनही काही रंग पडद्यावर येणार नाहीत आणि ते चित्रकारांना आधीच सांगून ठेवावे. सोनेरी आणि रुपेरी रंगांची चमक पाहणाऱ्याच्या हालचालीबरोबर बदलते, त्यामुळे स्थिर फोटोत ती पिवळट किंवा करड्या डागासारखी उतरते. मूर्तींवर वापरले जाणारे रेडियम रंग आणि जलरंगातील काही तेजस्वी निळे-हिरवे रंग साध्या पडद्याच्या रंगमर्यादेबाहेर पडतात. दालनासाठी फाइल तयार करताना एसआरजीबी हा रंगविस्तार निवडावा आणि त्याची माहिती फाइलमध्येच ठेवावी. काही फोन अधिक विस्तृत रंगविस्तारात फोटो काढतात आणि ती माहिती गळून पडली की रंग फिके दिसतात. तक्रार करणाऱ्या सभासदाने आपल्या फोनमधील डोळ्यांना आराम देणारी पिवळसर छटा बंद केली आहे का, हेही विचारावे. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

फाइली दोन प्रकारच्या हव्यात. पूर्ण आकाराची मूळ फाइल गटाकडे जपून ठेवायची आणि दालनात लांब बाजू १६०० ते २००० पिक्सेल असलेली प्रत चढवायची. १६०० पिक्सेलची प्रतिमा इंचाला १५० ठिपक्यांनी छापली तर सुमारे १०.७ इंचांपर्यंत नीट छापली जाते, पडद्यावर पाहायला मात्र ती पुरेशी असते. प्रतिमा कृत्रिमरीत्या मोठी करणारी साधने आता सहज मिळतात, त्यामुळे लहान फाइल हे पूर्ण संरक्षण मानू नये. चित्राच्या मध्यावर मोठे नाव उमटवण्याच्या मी विरोधात आहे. ज्याला चोरी करायची आहे तो ते पुसतो आणि प्रामाणिक प्रेक्षकाला चित्र दिसत नाही. चित्रकाराचे नाव आणि हक्काची ओळ फाइलच्या अंतर्गत माहितीत लिहावी. त्याच वेळी फोनने त्या माहितीत नोंदवलेले घराचे ठिकाण काढून टाकावे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींनी चित्रे वापरू नयेत यासाठी संकेतस्थळावर सूचना लिहिता येते, पण ती विनंती असते आणि ती पाळणे समोरच्याच्या हाती असते. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये आणलेले ‘ग्लेझ’ हे साधन प्रतिमेत सूक्ष्म बदल करून शैलीची नक्कल अवघड करते, मात्र जलरंगातील सपाट, हलक्या आकाशांवर ते बदल डोळ्यांना जाणवतात, म्हणून ते वापरण्याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

नोंदीविषयी मी जास्त आग्रही आहे. चित्रकाराचे नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत, आणि दर वेळी त्याच स्पेलिंगने, शीर्षक, माध्यम आणि पृष्ठभाग, आकार, त्यात आधी उंची मग रुंदी, वर्ष, सही कुठे आहे, आणि चित्र सध्या कोणाकडे आहे, एवढे नोंदीत हवेच. विकत घेणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीशिवाय दालनात दाखवू नये, गटाच्या वहीत ते असावे. कागदाच्या आकाराला ‘फुल इंपीरियल’ किंवा ‘हाफ’ असे आपण बोलताना म्हणतो, नोंदीत मात्र २२ × ३० इंच असे लिहावे आणि प्रत्यक्ष मोजूनच लिहावे. वर्ष आठवत नसेल तर ‘अंदाजे १९८५’ असे लिहिण्यात काही कमीपणा नाही.

शीर्षकांची आपल्याकडे विलक्षण उपेक्षा आहे. ‘निसर्ग १’ ते ‘निसर्ग ४०’ अशी मालिका मी कित्येक चित्रकारांच्या घरी पाहिली आहे. निसर्गचित्र जागेवर बसून केले असेल तर जागेचे नाव, महिना आणि वर्ष हेच त्याचे उत्तम शीर्षक असते. धामापूरचा तलाव, रेडीचा किनारा, महामार्ग चौपदरी होऊन उड्डाणपूल येण्यापूर्वीची कणकवलीची बाजारपेठ असे लिहिले की तेच चित्र कलाप्रेमींखेरीज गावाच्या इतिहासात रस असणाऱ्यांनाही सापडते, आणि ऑनलाइन शोधात माणसे ‘निसर्ग’ असा शब्द टाकून तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीत, जागेचे नाव टाकून पोहोचतात.

चित्रकथीसाठी वेगळा विचार करावा लागतो. पिंगुळीच्या ठाकर समाजाची ही परंपरा पोथ्यांची आहे. एका आख्यानाची पाने ठरलेल्या क्रमाने एकेक करून पुढे ठेवली जातात आणि त्याबरोबर कथा गायली जाते. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून बाहेरच्या लोकांची उत्सुकता वाढली आहे, आणि त्या उत्सुकतेपोटी एखादे भडक, देखणे पान उचलून एकटेच प्रसिद्ध करण्याची घाई होते. तसे करू नये. पान कोणत्या आख्यानातील आहे, पोथीत त्याचा क्रमांक कितवा, मागची-पुढची पाने उपलब्ध आहेत का, हे सांगितल्याशिवाय त्या पानाला अर्थ नाही. जुन्या पोथ्यांचे चित्रकार अज्ञात असतात आणि कायद्याने त्यांवर कोणाचा कॉपीराइट उरला नसेलही, पण पोथी ज्या घराने सांभाळली त्या घराला विचारल्याशिवाय तिचा फोटो काढणे किंवा दाखवणे योग्य नाही, आणि त्या घराने काही पाने दाखवायची नाहीत असे सांगितले तर कारण न विचारता ते मान्य करावे. नव्याने काढलेली चित्रकथी शैलीतील चित्रे आणि जुन्या पोथीतील पाने दालनात स्पष्टपणे वेगळी ठेवावीत. गायनाचे ध्वनिमुद्रण जोडणार असाल तर गाणाऱ्याचीही स्वतंत्र परवानगी हवी, कारण आपल्या कायद्यात सादरकर्त्याचे हक्क वेगळे मानले आहेत.

इथून कायद्याकडे येतो. मी वकील नाही, परंतु १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील काही गोष्टी प्रत्येक चित्रकाराला माहीत असाव्यात. चित्र काढले की कॉपीराइट निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. चित्र विकले म्हणजे ते छापण्याचा हक्क विकला असे होत नाही. तो लेखी करार करूनच द्यावा लागतो. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो आपल्याकडे वारंवार लागू पडतो. मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून व्यक्तिचित्र केले असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम १७ नुसार त्याचा पहिला कॉपीराइट सांगणाऱ्याकडे जातो. म्हणजे एखाद्या कुटुंबासाठी केलेले आजोबांचे तैलचित्र दालनात ठेवण्यापूर्वी त्या कुटुंबाला विचारावे लागेल. उलट चित्रकाराचे नाव जोडलेले राहण्याचा आणि त्याची प्रतिष्ठा दुखावेल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे कॉपीराइट दिल्यानंतरही चित्रकाराकडेच राहतो. विज्ञान भवनातील भित्तिशिल्पाच्या प्रकरणात अमरनाथ सहगल यांच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेला निकाल याच कलमावर उभा आहे.

गटाने प्रत्येक सभासदाकडून एक पानाचे मराठी परवानगीपत्र घ्यावे. कॉपीराइट चित्रकाराकडेच राहील. गटाला फक्त दालनात आणि दालनाच्या प्रसिद्धीसाठी प्रतिमा दाखवण्याची परवानगी असेल, आणि चित्रकाराला तशी परवानगी इतरांनाही देता येईल. ती सभासद केव्हाही मागे घेऊ शकेल. आणि चित्र सभासदाने स्वतः केलेले असून दुसऱ्याच्या छायाचित्राची नक्कल नाही, एवढे त्यात असावे. कालावधी आणि प्रदेश आवर्जून लिहावेत, कारण ते लिहिले नाहीत तर कायदा परवान्याची मुदत पाच वर्षे आणि प्रदेश भारतापुरता धरतो, आणि इंटरनेटवरचे दालन तर जगभर दिसते. फोटो काढणारा सभासद वेगळा असेल तर छायाचित्राचा हक्क त्याचा असतो, म्हणून त्याच्याकडूनही तशीच एक ओळ लिहून घ्यावी. विकिमीडिया कॉमन्सवर चित्रे टाकण्याचा उत्साह काही जण दाखवतील. तिथे दिलेला परवाना मागे घेता येत नाही आणि व्यावसायिक वापरालाही मुभा द्यावी लागते, हे समजून घेतल्यानंतरच ज्याला हवे त्याने स्वतःच्या जबाबदारीवर तसे करावे.

हॉटेलच्या बाबतीत आधी पुरावा गोळा करावा. भिंतीचा फोटो, तारीख, मूळ चित्राचा फोटो, दालनात ते केव्हा चढले त्याची नोंद, हे सगळे एकत्र ठेवावे. त्यानंतर चित्रकाराच्या नावाने स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे आणि त्यात दोन पर्याय द्यावेत : छपाई उतरवणे, किंवा वापराचे शुल्क भरून चित्राखाली चित्रकाराचे नाव लावणे. माझा अनुभव असा आहे की स्थानिक व्यावसायिक बहुतेक वेळा अज्ञानाने असे करतात आणि दुसरा पर्याय स्वीकारतात; त्यातून चित्रकाराला पुढचे कामही मिळते. समाजमाध्यमांवर बदनामी करण्याचा मार्ग आधी वापरू नये, तो वापरला की बोलणी संपतात. उत्तर आले नाही तर वकिलाकडून नोटीस पाठवावी. चित्र दुसऱ्या संकेतस्थळावर चढवले गेले असेल तर त्या संकेतस्थळाला लेखी तक्रार करता येते. तिथे दुसऱ्यांनी चढवलेली सामग्री फक्त साठवली जात असेल, तर तक्रार पोहोचल्यापासून ३६ तासांच्या आत प्रतिमेचा प्रवेश बंद करणे अपेक्षित असते, पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश सादर केला नाही तर ती पुन्हा खुली होऊ शकते, ही मुदत ध्यानात ठेवावी.

वर-खाली कोण, याचे उत्तर मला सोपे वाटते. ज्येष्ठतेने लावू नका, ‘आवडले’च्या आकड्यांनी तर मुळीच लावू नका, ती आकड्यांची सोय शक्य असल्यास बंदच करा, कारण ज्याचे नातेवाईक जास्त त्याचे चित्र वर जाते. मुखपृष्ठावरचा क्रम दर वेळी यदृच्छेने बदलेल अशी रचना करून घ्यावी आणि प्रत्येकाने आपली जास्तीत जास्त दहा चित्रे स्वतः निवडावीत. समितीने गुणवत्तेचा निवाडा करू नये, नोंद आणि छायाचित्र पूर्ण आहे का एवढेच पाहावे. गुणवत्तेचा विचार हवा असेल, आणि तो हवाच, तर वर्षातून एकदा बाहेरच्या जाणकाराला एखाद्या विषयाभोवती वीस चित्रे निवडून त्यांवर लिहायला सांगावे, आणि त्याच्या निवडीखाली त्याचे नाव असावे. किमतीबद्दल एकच सांगतो : चित्र विक्रीला असेल तर किंमत लिहावी आणि प्रदर्शनात, घरी व दालनात ती एकच ठेवावी.

दालन चालवणाऱ्या तरुणाबद्दलही बोलले पाहिजे. संकेतस्थळाचे नाव, जागेचे भाडे आणि पासवर्ड जर त्याच्या खासगी ईमेलवर असतील, तर तो नोकरीनिमित्त पुण्याला गेला की दालन बंद पडण्याची वाट धरते. संस्था नोंदणीकृत असेल तर सर्व खाती संस्थेच्या नावाने घ्यावीत, नसेल तर निदान दोघांच्या ताब्यात असावीत. मूळ फाइली दोन वेगवेगळ्या घरांतील दोन हार्ड डिस्कवर आणि शिवाय एका ऑनलाइन साठ्यात असाव्यात. नोंदींचा तक्ता वर्षातून एकदा कागदावर छापून ठेवावा.

दिवंगत सभासदाची चित्रे जरूर घ्यावीत, किंबहुना ती आधी घ्यावीत. चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे कॉपीराइट टिकतो आणि तो वारसांकडे जातो, म्हणून पत्नीची तोंडी संमती पुरेशी न मानता सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात. घरातील एकही चित्र हलवण्यापूर्वी ते जिथे आहे तिथेच त्याचा फोटो काढावा, नंतर पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजूंचे. मागच्या बाजूला प्रदर्शनाचा जुना कागद, चौकट करणाऱ्याचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली किंमत किंवा तारीख असते आणि शीर्षके व वर्षे ठरवताना तोच सर्वांत भरवशाचा पुरावा ठरतो. चौकट बदलण्याच्या उत्साहात नेमका तोच भाग फेकला जातो. सही नसलेले चित्र केवळ त्या घरात सापडले म्हणून त्यांचे आहे असे लिहू नये. अशा चित्राखाली ‘संग्रहातून, चित्रकार अनिश्चित’ असे लिहावे, कारण शिक्षकाच्या घरी विद्यार्थ्यांची चित्रे हमखास असतात. पेट्यांतील कागद उघडण्याचे काम मात्र पावसाळ्यात करू नये. दमट हवेत एकमेकांना चिकटलेले कागद ओढले की रंग उपटतो. असे कागद दिसले तर ते आहेत तसे दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवावेत आणि संवर्धनतज्ज्ञाला दाखवावेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचे केंद्र आहे, चौकशीची सुरुवात तिथून करता येईल.